कोहळा देऊन आवळा: गुप्तहेरपटांतल्या खलनायकांना खुलं पत्र

प्रति,
समस्त भावी जगज्जेते,
मुक्काम: ज्वालामुखीच्या पोटात, समुद्राच्या तळाशी, पृथ्वीच्या कक्षेत किंवा सध्या जिथे लपला असाल तिथे.

विषय: आपले प्रकल्प अहवाल नामंजूर होत असल्याबाबत.

महोदय (आणि एलेक्ट्रा किंगबाई),

मी कर्जाचे प्रस्ताव तपासते. बावीस वर्षं हेच काम करते आहे. समोर फाईल येते, तिच्यात एक माणूस सांगत असतो की तिसऱ्या वर्षी आपला नफा चौपट होणार, आणि मी पेन्सिलीने कडेला लिहिते, ‘कसा?’ या सवयीमुळे माझ्याबरोबर सिनेमा बघायला घरचं कुणी बसत नाही. नायक विमानातून उडी मारतो तेव्हा बाकीचे श्वास रोखून बसतात आणि मी विचारते, या दोनशे माणसांचे एकसारखे गणवेश शिवले कुणी, आणि शिलाई कुठल्या खात्यावर पडली? शेवटी घरच्यांनीच सांगितलं, आमचं डोकं खाऊ नकोस, त्यांनाच लिही. म्हणून हे पत्र.

तुमच्या दुष्टपणाबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते खातं वेगळं आहे आणि ते बघायला उत्तम शिवलेला सूट घातलेला जेम्स बाँड नावाचा एक माणूस दर काही वर्षांनी येतोच. तुम्ही वेडे आहात असंही मी म्हणणार नाही. वेड्याला एवढं बांधकाम मुदतीत पुरं करून घेता येत नाही, शहाण्यांनाही ते क्वचित जमतं. माझी तक्रार हिशेबाची आहे. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक मी रोज बघते, त्यांच्यावरच आमचं दुकान चालतं. तुम्ही मात्र बाँडचा पहिला सिनेमा आला त्या १९६२ पासून कोहळा देऊन आवळा काढत आला आहात.

ऑरिक गोल्डफिंगर यांची फाईल सगळ्यात वर ठेवली आहे, कारण तुमच्यात आकड्यांचं भान असलेले म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. बाँडच्या १९५९ च्या कादंबरीत त्यांचा बेत फोर्ट नॉक्समधलं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या तिजोरीतलं, सोनं पळवण्याचा होता. १९६४ साली सिनेमा करताना कुणीतरी वजनाचा विचार केला असणार, कारण पडद्यावर बाँडच त्यांना हिशेब ऐकवतो: १५ अब्ज डॉलरचं सोनं, वजन १०,५०० टन, दोनशे ट्रकांत भरायला साठ माणसांना बारा दिवस. प्रेक्षक खूश होतात. मी कागद घेतला. तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता. त्या भावाने १५ अब्ज डॉलरचं सोनं १३,३०० टनांच्या वर जातं, म्हणजे बाँडसाहेबांनी अठ्ठावीसशे टन हिशेबात धरलेच नाहीत. त्यांचाच आकडा खरा मानला तरी एकेका ट्रकवर साडेबावन्न टन येतात. एवढा माल चढवला तर ट्रक फाटकापर्यंतही जाणार नाही. असो, बाँड आमच्या खात्याचा माणूस नाही.

तर गोल्डफिंगर म्हणतात, सोनं हलवायचंच नाही. तिजोरीत अणुबाँब फोडायचा, अमेरिकेचं सगळं सोनं ५८ वर्षं किरणोत्सारी करून टाकायचं, म्हणजे आपल्याजवळच्या सोन्याला दसपट भाव येईल. ऐकायला झकास. त्यांच्या बाँबमध्ये कोबाल्ट आहे. कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे ५८ वर्षांत अकरा वेळा निम्मं, म्हणजे दोन हजारातला एक भाग उरला. इथे मी मान डोलावली, आकडा कुणीतरी बसवून काढलेला दिसतो. सोन्याचं स्वतःचं किरणोत्सारी रूप मात्र फार तग धरत नाही, २.७ दिवसांत निम्मं होतं. म्हणजे त्रास मुख्यतः वर बसलेल्या धुळीचा.

पण खरी गोम पुढे आहे. तिजोरीतलं सोनं तसंही कोण हातात घेतं? न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हच्या तळघरात देशोदेशींचं सोनं पडलेलं असतं. एका देशाने दुसऱ्याला दिलं तर ते एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकतं आणि वहीत नोंद होते. किरणोत्सारी सोनंसुद्धा वहीत तेवढंच पिवळं असतं. उलट पहाऱ्याचा खर्च वाचला. ५८ वर्षं तिकडे चोर फिरकायचा नाही. मुदत कधी संपली असती म्हणाल, तर २०२२ साली.

आणि आता दुखऱ्या जागी बोट ठेवते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात परदेशी सरकारांना सोनं देणं बंद केलं. भाव मोकळा सुटला आणि जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेला. पस्तिसाचे साडेआठशे, चोवीसपट. गोल्डफिंगर यांचा अंदाज दसपटीचा होता. बाँब नको, वैमानिक मुलींची तुकडी नको, विषारी वायू नको. पोतं उशाशी घेऊन सोळा वर्षं झोपले असते तरी चाललं असतं. तोवर पोटापाण्याला धंदाही होता, आणि उत्तम होता. मोटारीचा पत्राच सोन्याचा घडवायचा आणि ती गाडी राजरोस सीमेपार न्यायची. मी त्यावर डोळे मिटून सही केली असती. डोळे मिटून म्हणजे कायद्याकडे डोळेझाक करून, पण हिशेब चोख आहे एवढंच म्हणायचं आहे.

मांडीवर पांढरं मांजर घेऊन बसणारे अर्न्स्ट स्टाव्ह्रो ब्लोफेल्ड यांचा १९६७ चा जपानमधला प्रकल्प मी तीनदा वाचला. दर वेळी जीव हळहळला. ज्वालामुखीच्या पोटात अग्निबाणाचा तळ, वर तळ्यासारखं दिसणारं सरकतं छप्पर, आत मोनोरेल. इथून एक यान उडतं, कक्षेत जाऊन अमेरिकेचं यान तोंड उघडून गिळतं, परत येतं आणि उभंच्या उभं विवरात उतरतं. मग रशियाचं गिळायचं. दोघांनी एकमेकांवर संशय घेऊन युद्ध करायचं, आणि त्यातून ज्याचा फायदा होणार त्या गिऱ्हाइकाने पैसे द्यायचे.

किती पैसे? ब्लोफेल्ड १० कोटी डॉलरची उचल सोन्यात मागतात, आणि गिऱ्हाइकाचे प्रतिनिधी एवढ्यालाही कुरकुर करतात. आता खर्चाची बाजू. चंद्राबिंद्राचं सोडा, दोन माणसांना नुसतं पृथ्वीभोवती फिरवून आणायच्या जेमिनी कार्यक्रमाला अमेरिकेला १ अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला होता. त्यात ज्वालामुखी पोखरलेला नव्हता. कलादिग्दर्शक केन ॲडम यांनी पाइनवुड स्टुडिओच्या आवारात त्या तळाचा केवळ देखावा उभारला, त्यालाच सुमारे १० लाख डॉलर लागले. पाच वर्षांपूर्वी बाँडचा पहिला अख्खा सिनेमा साधारण तेवढ्यातच झाला होता. देखाव्याचा हा भाव, तर मग खऱ्याचा किती? डोंगर पोखरून उंदीर काढणे ही म्हण मी इतकी शब्दशः खरी झालेली दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

पण खर्च सोडून द्या. मला छळतो तो त्या यानाचा उतरण्याचा प्रसंग. अंतराळात माल पोचवून आलेला अग्निबाण आपल्या पायांवर उभा उतरवणं खऱ्या जगात पहिल्यांदा जमलं ते २१ डिसेंबर २०१५ रोजी, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ला. तोही फक्त खालचा टप्पा. ब्लोफेल्ड यांनी कक्षेत गेलेलं अख्खं यान ४८ वर्षं आधी उतरवलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, तेही डोंगराच्या भोकात. हे तंत्र हातात असताना माणूस खंडणी मागतो? अमेरिका आणि रशिया दोघेही पदरचे पैसे घेऊन दारात रांगेत उभे राहिले असते. उपग्रह सोडायचे ठेके घेतले असते तर जग विकत घेता आलं असतं, बुडवायची गरजच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आणि हे एकट्या ब्लोफेल्ड यांचं नाही. तुमच्या फायली एकावर एक ठेवल्या की तोच दोष सगळीकडे दिसतो. गुन्हा करण्यासाठी म्हणून तुम्ही जे साधन बनवता, त्याची किंमत गुन्ह्यातून मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असते.

ह्यूगो ड्रॅक्स (१९७९) यांनी कुणाला पत्ता लागू न देता अख्खं अंतराळस्थानक वर नेलं. आजचं आंतरराष्ट्रीय स्थानक सुमारे ४२० टनांचं आहे. १९९८ पासून कितीतरी देशांनी मिळून, दहा वर्षांहून अधिक काळ, तुकड्या-तुकड्यांनी ते जोडलं. ड्रॅक्स यांनी रडारला चकवलं म्हणतात. ठीक आहे, पण अग्निबाण उडताना आग दिसते, आवाज होतो, त्याला रडार लागत नाही. त्यांची बेरीज मात्र बरोबर आहे हे कबूल करते. विषाचे पन्नास गोल, एकेकात दहा कोटी माणसं मारायची ताकद, म्हणजे पाचशे कोटी. तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण चारशे चाळीस कोटी होती. जरा जादाच धरलं होतं, जसं धरावं. मग प्रकल्प बुडाला कशाने? त्यांच्या स्वतःच्या एका शटलमध्ये बिघाड निघाला, म्हणून त्यांनी ब्रिटनला उसनं दिलेलं शटल वाटेतच पळवलं. त्याच्या शोधात बाँड दारात आला. उसनं दिलेलं परत हवं होतं तर एक पत्र टाकायचं होतं.

कार्ल स्ट्रॉमबर्ग (१९७७) यांच्या फाईलमध्ये ‘परतावा’ हा रकानाच कोरा आहे. अणुयुद्ध घडवायचं आणि स्वतः समुद्राखाली नवी वस्ती करायची. खंडणी नको, काही नको. अशा माणसाशी आम्ही बोलू शकत नाही, व्याज कशावर लावायचं? पण त्यांच्या टँकरबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण तिथे खरं जग सिनेमाच्या आधी पोचलं होतं. तोंड उघडून पाणबुड्या गिळणारं जहाज हसण्यावारी नेणाऱ्यांनी ग्लोमार एक्सप्लोररची गोष्ट वाचावी. १९६८ साली के-१२९ ही सोव्हिएत पाणबुडी प्रशांत महासागरात बुडाली, जवळपास पाच किलोमीटर खोल. ती गुपचूप वर काढण्यासाठी सीआयएने एक प्रचंड जहाज बांधून घेतलं. त्याचं पोट खालून उघडत असे, आणि त्यातून पकडीचा अजस्र पंजा तळापर्यंत सोडायचा होता. जगाला सांगितलं की हॉवर्ड ह्यूज नावाचे अब्जाधीश समुद्रतळावरून मँगनीजचे गोळे काढणार आहेत. लोकांनी विश्वास ठेवला. १९७४ च्या उन्हाळ्यात पाणबुडी उचलली, आणि वर येता येता तिचा मोठा भाग तुटून पुन्हा तळाला गेला. हाती लागला तो तुकडा. पुढच्याच वर्षी सगळी हकिगत वर्तमानपत्रांत आली.

या प्रकरणावरून तुम्ही काय घ्यायचं ते घ्या. महासत्तेची तिजोरी पाठीशी, तरी एकच पाणबुडी, तीही बुडालेली, तीही अर्धीमुर्धी. स्ट्रॉमबर्ग चालत्या, भरल्या, शस्त्रसज्ज पाणबुड्या एका मागून एक गिळतात आणि बाहेर कुणाला कुणकुण लागत नाही. मी याला आशावादी अंदाजपत्रक म्हणते.

बाजारपेठेचा अभ्यास हा विषय तुम्हाला कुणी शिकवलेला दिसत नाही. मॅक्स झोरिन (१९८५) यांना मायक्रोचिपची मक्तेदारी हवी होती, म्हणून भूकंप घडवून सिलिकॉन व्हॅली पाण्याखाली घालायची. भूगर्भशास्त्राचं मी जास्त ताणत नाही. सॅन अँड्रियास भेगेवर जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासून आडवे सरकतात, त्यातून दरीचा तलाव होत नाही, एवढं शाळेतलं पुस्तकही सांगतं. माझा मुद्दा धंद्याचा. त्या दरीत चिप बनवणारे होते तसे चिप विकत घेणारेही होते, ॲपल तिथेच, ह्युलेट-पॅकार्ड तिथेच. गिऱ्हाईक बुडवून मक्तेदारी मिळवायची आणि मग माल कुणाच्या गळ्यात मारायचा? त्यातून १९८५ म्हणजे नेमकं ते वर्ष, ज्या वर्षी जपानी कंपन्यांच्या माऱ्यापुढे हात टेकून इंटेलने मेमरी चिपच्या धंद्यातून अंग काढून घ्यायचं ठरवलं. खरा प्रतिस्पर्धी समुद्रापलीकडे होता. झोरिन यांनी चुकीची दरी निवडली.

इलियट कार्व्हर (१९९७) यांनी ब्रिटन आणि चीन यांच्यात युद्ध पेटवायचा घाट घातला. कशासाठी, तर चीनमध्ये शंभर वर्षं टीव्ही प्रसारणाचे एकाधिकार. यात जीपीएसला फसवून जहाज भलतीकडे नेण्याचा जो भाग आहे, तो लोकांना थाप वाटतो, पण ते खरंच होतं. २०१३ साली टेक्सास विद्यापीठाच्या गटाने भूमध्य समुद्रात एक मोठी नौका, मालकाच्या संमतीने, अशीच वाटेवरून ढळवून दाखवली. यंत्र पटतं, मागणी पटत नाही. इंटरनेट दारात येऊन उभं असताना माणूस शंभर वर्षांच्या टीव्हीसाठी महायुद्ध करतो. वीस वर्षांत लोक हातातल्या फोनवर बघायला लागले, आणि कार्व्हर यांच्या करारात फोनचा उल्लेख नव्हता.

‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेतल्या सॉलोमन लेन यांनी २०१८ साली सियाचीनजवळ दोन अणुबाँब लावले. हिमनदीचं पाणी दूषित होणार आणि भारत, पाकिस्तान, चीन मिळून जगाच्या तिसऱ्या हिश्श्याचं पिण्याचं पाणी जाणार. नकाशा उघडला असतात तर! सियाचीनचं पाणी नुब्रा नदीत जातं, नुब्रा श्योकला मिळते, श्योक सिंधूला. हे सिंधूचं खोरं झालं. त्यात कोट्यवधी माणसं राहतात, त्यांचे हाल झाले असते हे खरं. पण गंगेचा उगम वेगळा, यांगत्सेचा वेगळा, पीत नदीचा वेगळा, त्यांना या बर्फाशी देणंघेणं नाही. तिसरा हिस्सा कुठून आणलात? कडेला मी लिहिलं आहे, ‘कसा?’

आता कामगारांबद्दल. ही बाब दुर्लक्षित राहिली आहे आणि मला वाटतं तुमचे निम्मे प्रकल्प इथेच बुडाले. झोरिन यांनी काम संपल्यावर आपल्याच खाणकामगारांवर मशिनगन चालवली. ते पाहून त्यांची उजवा हात असलेली मे डे फिरली आणि बाँब स्वतःच्या हाताने बाहेर घेऊन गेली. ड्रॅक्स यांचा राक्षसी दातांचा माणूस, जॉज, इमानाने काम करत होता, पण मालकाच्या नव्या निर्दोष मानवजातीत आपल्याला जागा नाही हे त्याला बाँडकडून कळलं. तोही फिरला. गोल्डफिंगर यांच्या वैमानिकांच्या प्रमुख बाईंनी ऐन वेळी विषारी वायूच्या टाक्याच बदलल्या. तीन मोठे प्रकल्प, आणि तिन्ही आतल्या माणसांनी घालवले. हिंदी सिनेमातले मोगँबो गुप्तहेरपटाच्या चौकटीत नीटसे बसत नाहीत, पण त्यांचाही दाखला देते. पाहुण्यांवर छाप पाडायला त्यांनी स्वतःचे सैनिक तेजाबात उडी मारायला लावले. भरती आणि प्रशिक्षणाचा खर्च कुणी धरायचा?

‘थंडरबॉल’ (१९६५) मध्ये तर कद्रूपणाची हद्द झाली. दोन अणुबाँब पळवून १० कोटी पौंडांचे हिरे मागायचे, योजना तशी घोटीव. विमान पळवणाऱ्या तोतया वैमानिकाने आपला मेहनताना एक लाख डॉलरवरून अडीच लाख केला, म्हणून त्याला पाण्याखाली हवेची नळी कापून मारला. दीड लाख वाचले. दहा कोटी पौंडांच्या कामात! बरं, होकार कळवायचा कसा, तर बिग बेनने संध्याकाळी सहाला सात ठोके द्यायचे. अख्ख्या लंडनला ऐकू जाईल अशी पोच मी आजवर कुठल्याच व्यवहारात पाहिलेली नाही.

सगळेच नामंजूर करते असं समजू नका. डॉ. कनांगा (१९७३) यांची फाईल मी आदराने बाजूला ठेवली आहे. दोन टन हेरॉईन फुकट वाटायचं, प्रतिस्पर्ध्यांचं दुकान बंद पाडायचं, व्यसनी दुप्पट करायचे आणि मग भाव आपल्या हातात. आवळा देऊन कोहळा. माल अघोरी आहे, पण पद्धत तुम्ही आम्ही रोज वापरतो त्या निम्म्या ॲप्सची आहे. आणि डॉमिनिक ग्रीन (२००८), ज्यांना ‘एवढासा खलनायक’ म्हणून लोकांनी नाकं मुरडली. त्यांना बोलिव्हियाचं पाणी अडवून चढ्या दराने विकायचं होतं. याच बोलिव्हियात, कोचाबांबा शहरात, पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे गेल्यावर दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २००० मध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. तिथे ना शार्क होते ना लेझर. करारावर सह्या होत्या.

‘गोल्डनआय’ (१९९५) मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे पैसे संगणकातून उचलायचे आणि उपग्रहावरून विद्युतचुंबकीय मारा करून नोंदी पुसायच्या असा बेत होता. त्याच्याशेजारी ही खरी फाईल ठेवून बघा. फेब्रुवारी २०१६, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं न्यूयॉर्कमधलं खातं. चोरांनी आंतरबँक संदेशव्यवस्थेत शिरून सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलरच्या मागण्या पाठवल्या. ८ कोटी १० लाख फिलिपिन्सला पोचले. २ कोटी श्रीलंकेत अडकले, कारण कुणीतरी ‘फाउंडेशन’च्या जागी ‘फॅन्डेशन’ टाइप केलं होतं. उपग्रह शून्य, मांजर शून्य, आणि नुकसान झालं ते शुद्धलेखनाने. वाचताना माझ्या अंगावर काटा आला, मी दिवसभर अशाच चुका धरत असते.

मग तुम्ही असं का करता, हा प्रश्न उरतो. १९६९ ची फाईल वाचली तेव्हा मला त्याचा थोडा उलगडा झाला. ब्लोफेल्डच, यावेळी स्वित्झर्लंडमध्ये, डोंगराच्या माथ्यावर. जगाची पिकं आणि जनावरं वांझ करणारा विषाणू तयार, तो पसरवायला संमोहित केलेल्या बारा मुली तयार. आणि मागणी? मागच्या गुन्ह्यांची माफी, आणि आपण ‘काउंट’ आहोत याला अधिकृत मान्यता. बस. जगाची भाकरी हातात धरून या गृहस्थाने सरदारकी मागितली, तीही जुन्या घराण्याची, वंशावळीसकट. मी हसले नाही. कर्ज मागायला येणाऱ्यांतही असे असतात. कारखाना चालतो, पैसा आहे, पण दारावर नाव मोठ्या अक्षरांत हवं असतं, आणि त्या पाटीसाठी ते कारखाना गहाण ठेवतात.

हे ध्यानात आल्यावर मी गोल्डफिंगर यांचा तो दिवाणखाना पुन्हा पाहिला. गुंडांच्या टोळ्यांचे म्होरके जमले आहेत. बिलियर्डचं टेबल उलटतं आणि त्याखालून बटणांचा फलक निघतो. भिंती सरकतात, नकाशे उतरतात, जमीन दुभंगून फोर्ट नॉक्सचं अख्खं मॉडेल वर येतं. छोटी झाडं, छोटे रस्ते, सगळं रंगवलेलं. गोल्डफिंगर हातात काठी घेऊन समजावून सांगतात, चेहऱ्यावर असा आनंद की बघत राहावं. आणि दहा मिनिटांनी त्याच खोलीत वायू सोडून ते सगळ्यांना मारतात. मारायचंच होतं तर सांगितलं कशाला? एकाने, मिस्टर सोलोने, भागी नाकारली आणि आपले दहा लाख डॉलर सोन्यात घेतले. ३५ च्या भावाने ते जवळपास नऊशे किलो होतं, तरी गाडीचं मागचं टायर जराही बसलेलं दिसत नाही. त्याला वाटेत मारून गाडीसकट दाबून चौकोनी ठोकळा केला, आणि मग गोल्डफिंगर बाँडची माफी मागून निघाले, का, तर ठोकळ्यातून सोनं आणि सोलो वेगळे करायचे होते. सोनं आधी काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

त्या मॉडेलच्या खाली बाँड दडून सगळं ऐकत होता. मला वाटतं, गोल्डफिंगर यांना ते कळलं असतं तर वाईट वाटलं नसतं. तुम्ही जेवायला बसवून, लेझरखाली बांधून, शार्कच्या हौदाकाठी उभं करून ज्याला सगळं सांगता, तो एकच माणूस ते पुरतं समजू शकतो. नोकर भितात, भागीदार मेलेले असतात, मांजराला रस नसतो.

तेव्हा विनंती एवढीच. पुढचा प्रस्ताव पाठवाल तेव्हा पहिल्या पानावर खरी मागणी लिहा. ‘मला काउंट म्हणा’ असेल तर तेच लिहा, संकोच नको. त्याखाली, त्यासाठी जे बांधलं आहे ते विकून किती येतील तो आकडा द्या. दुसरा आकडा मोठा निघाला तर फाईल पुढे पाठवायचे कष्ट घेऊ नका, थेट दलालाला भेटा.

आपली,
एक प्रस्ताव-तपासनीस

ता. क. फोर्ट नॉक्समधल्या त्या बाँबबद्दल एक राहिलंच. बाँड घामाघूम होऊन तारांत हात घालणार, तेवढ्यात मागून एक तज्ज्ञ येतो आणि शांतपणे एक बटण खाली करतो. घड्याळ ००७ वर थांबतं. (बाँड नंतर म्हणतो, आणखी तीन ठोके पडले असते तर आटोपलं होतं. आधी आकडा ००३ ठेवायचा होता, तो बदलला आणि वाक्य तसंच राहिलं. म्हणजे तपासणीत ढिलाई फक्त तुमच्याकडेच असते असं नाही.) माझा प्रश्न बटणाचा आहे. बाँब तिजोरीत ठेवून दार लावायचं ठरलं होतं. गोल्डफिंगर यांचा नोकर ऑडजॉबसुद्धा आतच कोंडला गेला आणि तरी इमान राखून बसला, असा माणूस आता मिळत नाही. ज्या बाँबकडे पुन्हा कुणी फिरकायचं नव्हतं, त्याला बंद करायचं बटण कुणी मागितलं, कुणी बसवलं, आणि त्याचं बिल कुणी मंजूर केलं? बिलाची प्रत असेल तर कृपया पाठवावी.